रात्र गिळणारा उतारा

लिनक्सच्या लॅपटॉपचं झाकण मिटलं की कर्नल आपल्या लॉगमध्ये थोड्याशा ओळी लिहितो. एरवी त्या वाचल्या जातात त्या लॅपटॉप झोपेतून उठला नाही, तर दोष शोधायला. सगळं सुरळीत असतानाही त्या वाचाव्यात इतक्या नेटक्या आहेत.

उतारा घेऊ तो लखनौमध्ये रात्री महानगर वस्तीतल्या घरी मिटलेल्या आणि सकाळी गोमतीपलीकडे कैसरबागेत उघडलेल्या लॅपटॉपचा. पहिली ओळ, 'पीएम: सस्पेंड एंट्री'. लगेच हातातला मजकूर डिस्कवर उतरतो. मग वापरकर्त्याचे प्रोग्रॅम गोठतात, त्यामागून उरलेली कामं. पण 'गोठवता येतील तेवढीच', ही पुस्ती मूळ ओळीतच आहे आणि तिचा प्रांजळपणा मला फार आवडतो. पुढे कन्सोल बंद होतो. पडद्यावर काही दिसत नाही, लिहिणं मात्र चालूच. उपकरणं निजतात, प्रोसेसरचे गाभे एकेक करून मालवतात, शून्य क्रमांकाचा तेवढा शेवटपर्यंत जागा. उठताना हाच क्रम उलटा: गाभे, उपकरणं, प्रोग्रॅम, 'सस्पेंड एग्झिट'.

खरी गंमत मात्र ओळींआधीच्या आकड्यांत आहे. ते मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद, आणि हे घड्याळ झोपेत थांबतं. त्यामुळे मावळतीची शेवटची ओळ आणि जागेपणाची पहिली ओळ जवळजवळ चिकटून येतात. मधली अख्खी रात्र गायब! १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभं करणाऱ्या भातखंड्यांच्या स्वरलिपीत स्वर लांबला की आडवी रेघ पडते; नुसत्या धरून ठेवलेल्या काळालाही कागदावर जागा मिळते. इथे रात्रीच्या वाट्याला एक रेघही नाही. हा लॉग दाखवणाऱ्या 'डीमेसेज' कमांडकडे खऱ्या वेळा मागितल्या, तर त्या चुकू शकतात असा इशारा त्याच्या मॅन्युअलातच दिलेला आहे.

बूटचा लॉग मला तितका भावत नाही. हार्डवेअरची लांबलचक वंशावळ ती. पहिल्याच ओळीत आवृत्तीशेजारी कर्नल कुणी, कुठल्या मशीनवर कंपाइल केला ते येतं, तेवढं झकास. (उत्तर प्रदेश सरकारनं २०१३मध्ये विद्यार्थ्यांना वाटलेल्या एचपीच्या लॅपटॉपवर सुरुवातीलाच मुलायमसिंह आणि अखिलेश या सत्ताधारी पिता-पुत्रांचं दर्शन घडे. त्यामानानं ही सही फारच विनयशील.)

कर्नलनं जुळवलेल्या झोपण्या-उठण्याच्या उलट-सुलट क्रमाला वाय-फायसारखी कनेक्शनं सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर जुमानत नाही. झोपेची वर्दी आली की तो कनेक्शनं सोडतो. झोपेचा हुकूम सोडणारा सिस्टिमडीचा लॉगिनडी त्याच्यासाठी खोळंबतो, पण सेटिंग बदललेलं नसेल तर पाचच सेकंद. उठल्यावर मात्र रात्रीचं काहीच तो गृहीत धरत नाही. पुन्हा 'डिस्कनेक्टेड', 'प्रिपेअर', 'कॉन्फिग', 'आयपी-कॉन्फिग' अशा पायऱ्या चढत 'अ‍ॅक्टिव्हेटेड'. महानगरातला राउटर आसपास नाही हे स्कॅन केल्यावरच त्याला कळतं. मग ओळखीच्या नेटवर्कांत ज्याला प्राधान्य जास्त ते. प्राधान्य सारखं असेल तर सर्वांत अलीकडे जोडलेलं. कर्नल उठतो तो सगळं जिथल्या तिथे असेल या भरवशावर, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा हा गडी गाव बदललंय का ते आधी पाहतो. उताऱ्यातला ताण या दोन स्वभावांमधला आहे.

गिळलेली रात्र ज्याला नोंदवायचीच आहे, त्याची सोयही सिस्टिमडीनं केली आहे. 'सिस्टिम-स्लीप' नावाच्या फोल्डरमधली स्क्रिप्ट झोपेआधी 'प्री' आणि उठल्यावर 'पोस्ट' हा शब्द देऊन चालवली जाते. तिथे दोन्ही वेळा खरं घड्याळ पाहून आपली एकेक ओळ लिहिता येते.