रिकाम्या कंठातील 'मी'

भावगीतातील 'मी' कोण, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. कवितेतला 'मी' म्हणजे प्रत्यक्ष कवी नव्हे, हे पदव्युत्तर वर्गात पहिल्याच तासाला सांगितले जाते. तथापि कविता गायली जाऊ लागली की हा सिद्धान्त आपण सोयीस्करपणे विसरतो. गाणाऱ्या गळ्याला श्वास असतो, वय असते, थकवा असतो. श्रोता 'मी'ची रिकामी जागा गायकाच्या देहाने भरून टाकतो. मग देहच नसलेला गळा 'मी' म्हणू लागला तर? जपानमधील हात्सुने मिकू ह्या संगणकीय गायिकेच्या निमित्ताने २००७ पासून या प्रश्नाची जणू जाहीर चाचणी चालू आहे.

प्रथम वस्तुस्थिती लक्षात घ्यावयास हवी. साप्पोरो येथील क्रिप्टॉन फ्यूचर मीडिया या संस्थेने ३१ ऑगस्ट २००७ रोजी मिकू बाजारात आणली, ती संगणकावर चालणारे एक वाद्य म्हणून. त्यामागील यंत्रणा यामाहाची 'व्होकलॉइड'. फुजिता साकी या आवाज-अभिनेत्रीने उच्चारलेल्या ध्वनींचे तुकडे त्यात साठविलेले आहेत. वापरकर्त्याने स्वर आणि अक्षरे भरावयाची. यंत्रणा तुकडे जोडून ती गाऊन दाखविते. केई या चित्रकाराने तिला हिरवट-निळ्या लांब केसांचे रूप दिले. १६ वर्षे वय, १५८ सेंटिमीटर उंची, ४२ किलो वजन यांखेरीज तिचे चरित्र जवळजवळ नाहीच. नावाचा अर्थ मात्र सूचक आहे : भविष्याचा पहिला ध्वनी.

या घटिताचे एक वाचन आता रूढ झाले आहे. ते असे की, येथे बार्थच्या 'कर्त्याच्या मृत्यू'ला मूर्त रूप मिळाले. असंख्य हातांनी रचलेल्या गीतांचा कोणी एक धनी उरला नाही. प्रस्तुत लेखकाला हे वाचन वरवरचे वाटते. मिकूसाठी गीते रचणाऱ्या अनेकांच्या नावापुढे चाहत्यांच्या जगात 'पी' हे अक्षर लागते. 'प्रोड्यूसर'चे ते संक्षिप्त रूप. अभंगातील नाममुद्रेप्रमाणे ते रचना कोणाची हे सांगते. 'हाची' या नावाने मिकूसाठी गीते करणारा योनेझु केन्शी पुढे स्वतःच्या नावाने व स्वतःच्या गळ्याने गाऊ लागला आणि जपानच्या लोकप्रिय संगीतात अग्रभागी आला. म्हणजे उसन्या कंठात कर्ता मेला नाही. उलट, तेथे तो जन्माला आला.

बार्थचाच दुसरा निबंध येथे अधिक उपयोगी पडतो. 'आवाजाचा पोत' या १९७२ च्या लेखनात तो फिशर-दिस्काऊच्या निर्दोष गायनापेक्षा पान्झेराचे गायन श्रेष्ठ मानतो, कारण त्यात गाणारा देह ऐकू येतो. या कसोटीवर मिकू बाद व्हावयास हवी. तरीही तिच्या उत्तम गीतांत पोत जाणवतो. तो येतो कोठून? स्वर किती वाकवावा, श्वासाचा अंश कोठे मिसळावा, शब्द कोठे तुटू द्यावा, हे सारे कोणीतरी अक्षरागणिक ठरविलेले असते. सरावलेला कान त्या जोडांवरून रचनाकार ओळखतो. पोत देहाचा नाही. तो श्रमाचा आहे. बार्थच्या संकल्पनेला ही घातलेली भर मला महत्त्वाची वाटते.

आता 'मी'कडे वळू. बेनव्हेनिस्तच्या मते 'मी' म्हणजे 'मी' हा शब्द असलेले विधान उच्चारणारी व्यक्ती. मिकूच्या गीतात उच्चारणारी व्यक्ती नाहीच. काही रचनाकारांनी या पोकळीलाच विषय केले. कॉस्मो याच्या 'हात्सुने मिकूचे लुप्त होणे' या गीतात आज्ञावलीच आपल्या अंताविषयी बोलते, तेही मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीत, जेथे मानवी जीभ अडखळते. वेगामुळे शब्द पुसट होतात आणि जे सांगितले जात आहे तेच घडत असल्याचा भास होतो. नसलेल्या व्यक्तीचे मरण ऐकून श्रोता गलबलतो, याचे कारण भाषेतील प्रत्येक 'मी' काही अंशी असाच उसना असतो.

येथपर्यंत मी या कलाप्रकाराचा वकील आहे, यापुढे नाही. पुरुषाने रचलेला स्त्रीचा 'मी' आपल्याला परका नाही. होनाजी, रामजोशी यांच्या अनेक लावण्यांत स्त्रीच बोलते. परंतु यमुनाबाई वाईकरांसारखी गायिका बैठकीत लावणी गाई, तेव्हा अदेच्या बळावर शाहिराच्या शब्दाशी ती भांडू शके, त्याला वाकवू शके, त्याचा उपहासही करू शके. मिकूला नकाराची शक्ती नाही. तिचे वय वाढत नाही, गळा बसत नाही, कोणतेही शब्द ती परतवून लावत नाही. स्वर घडविण्याच्या क्रियेला चाहत्यांत 'चोक्यो' हा शब्द रुळला. मूळ अर्थ जनावराला शिकवून वठणीवर आणणे. अनेकांनी पुढे त्याऐवजी 'स्वर जुळविणे' अशा अर्थाचा सौम्य शब्द स्वीकारला. शब्द बदलला, संबंध बदलला असे म्हणवत नाही. गीतातील स्त्रीला प्रतिकार करता येत नसेल, तर तिच्या तोंडी काय घातले याची जबाबदारी संपूर्णपणे रचनाकाराची ठरते, आणि समीक्षेने ती त्याच्याकडेच मागावयास हवी.

चाहत्यांना भाबडे समजण्याची चूक मात्र करू नये. पारदर्शक पडद्यावर प्रक्षेपित केलेली मिकू जिवंत वादकांच्या साथीने गाते, तेव्हा ती खोटी आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. २०२४ साली उत्तर अमेरिकेतील कार्यक्रमांत पारदर्शक पडद्याऐवजी साधा प्रकाशपट वापरला गेला, तेव्हा प्रेक्षक रुष्ट झाले. भास मोडला ही तक्रार नव्हती, कारण भासावर कोणाचा विश्वासच नव्हता. मोडला होता तो संकेत. बुनराकूत बाहुली चालविणारे तिघे डोळ्यांसमोर असतात, गायक बाजूला बसलेला असतो, तरी प्रेक्षक रडतो. कृत्रिमता लपविली जात नाही, म्हणूनच ती कला ठरते.

माझी चिंता नेमकी येथे आहे. व्होकलॉइडच्या २०२२ मधील सहाव्या आवृत्तीसारख्या नव्या यंत्रणा मानवी गायनाचे नमुने शिकून श्वास, कंप, हेलकावे आपणहून पुरवितात. गाणे अधिक 'नैसर्गिक' होते, पण जोड बुजतात. जोडांबरोबर रचनाकाराचा श्रम बुजतो आणि ज्या गळ्यापासून यंत्र शिकले तो गळाही नजरेआड होऊ शकतो. मिकूच्या बाबतीत फुजिता साकीचे नाव प्रथमपासून सर्वांना ठाऊक होते. यंत्राचा आवाज माणसासारखा वाटतो की नाही हा प्रश्न म्हणून मला गौण वाटतो. त्या आवाजात कोणाचे काम ऐकू येते आणि कोणाचे ऐकू येईनासे केले आहे, हा खरा प्रश्न होय. रिकाम्या कंठाने तो विचारण्याची संधी आपल्याला दिली. निर्दोष कंठ ती हिरावून घेईल.