जमावात किती माणसं?

बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चं कोणतं ध्वनिमुद्रण ऐकावं, ही चर्चा बहुतेक वेळा लयीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आरंभीच्या कोरसला ऑटो क्लेम्परर (१९६०-६१) जवळपास बारा मिनिटं घेतो, तर जॉन इलियट गार्डिनर (१९८८) सुमारे सात. ख्यालात दोन गायकांची एकच बंदिश इतकी वेगळी वाटली तर आपल्याला नवल वाटत नाही. इथे मात्र प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला आहे, म्हणून हा फरक डोळ्यांत भरतो. तरीही मला वाटतं, निवड करताना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कोरसमध्ये माणसं किती?

ही मॅथ्यूच्या शुभवर्तमानातली येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा. ती लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये १७२७च्या गुड फ्रायडेला पहिल्यांदा गायली गेली, असं आता मानलं जातं. १८२९मध्ये मेंडेल्सोननं बर्लिनमध्ये ती मोठ्या कोरससह पुन्हा उभी केली आणि पुढे मोठा कोरस हाच रिवाज झाला. १९८१मध्ये जोशुआ रिफकिननं त्यालाच आव्हान दिलं. बाखच्या गायकांसाठी उतरवलेल्या जुन्या प्रती पाहून त्याचं म्हणणं असं, की बाखला साधारणपणे एका आवाजपट्टीला एकच गायक अभिप्रेत होता. विरोधक बाखचं १७३०चं निवेदन पुढे करतात. त्यात त्यानं प्रत्येक पट्टीला किमान तीन गायक मागितले आहेत. ते सगळे एकाच वेळी गात, की ही फक्त पटावरची संख्या, यावर वाद अजून आहे.

हा वाद कोण जिंकतं, याच्याशी श्रोता म्हणून मला फारसं देणंघेणं नाही. पॉल मॅक्रीशनं २००२मध्ये रिफकिनच्या बाजूनं केलेलं ध्वनिमुद्रण ऐकताना मात्र कथेचा अर्थच बदलतो. दोन्ही कोरस मिळून मुख्यतः आठ गायक. पीटरनं येशूला ओळखायला नकार दिल्यावर दयेची याचना करणारी एरिया माग्दालेना कोझेना गाते. थोड्याच वेळानं बरब्बाला सोडा म्हणून ओरडणाऱ्या जमावात तीच असते. पीटर हार्वी येशूची पदं गातो आणि ‘याला क्रुसावर द्या’ म्हणणाऱ्यांतही त्याचा आवाज असतो. जमाव म्हणजे कुणी परके लोक, ही सोय इथे उरत नाही.

संहितेतही हेच आहे. ‘तुमच्यातला एक जण मला धरून देईल’ असं येशू म्हणतो, तेव्हा शिष्य ‘तो मी का?’ असं अकरा वेळा विचारतात. लगेच येणारं कोरल, म्हणजे मंडळीचं भजन, उत्तर देतं, की तो मीच. क्लेम्पररच्या विशाल कोरसमध्ये हा कबुलीजबाब भव्य वाटतो, पण तो संस्थेनं काढलेल्या पत्रकासारखा, सगळ्यांचा आणि म्हणून कुणाचाच नाही. चार-चार गळ्यांत तोच एकेकाच्या अंगावर येतो.

याची किंमतही मोजावी लागते. येशूच्या अटकेनंतर विजा आणि मेघगर्जनेला हाक देणारा कोरस आठ जणांत किरकोळ वाटतो. तिथे गार्डिनरचा मॉन्टेव्हर्डी क्वायर अंगावर काटा आणतो. आणि क्लेम्पररकडे ख्रिस्टा लुडविगनं गायलेली दयेची तीच एरिया ऐकल्यावर त्या संथपणाबद्दल तक्रार करवत नाही.

म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं गार्डिनर घ्यावा; कथा त्याच्या हातून कुठेच सुटत नाही. पण ती एकदा ओळखीची झाली की मॅक्रीश ऐकावा, हेडफोन लावून आणि समोर शब्दांचा अनुवाद ठेवून. बरब्बाचं नाव तिथे एकाच कर्कश स्वरमेळात कोसळतं. त्यातले गळे वेगवेगळे ओळखू येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपण आधी रडताना ऐकलेलं असतं.