आखूड तारेचे परीक्षण

नाट्यपरीक्षणात एक मोठी सोय असते. नाटक पुरतं पाहिलेलं नसलं तरी ते लिहिता येतं. 'नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना यथायोग्य, पार्श्वसंगीत परिणामकारक' एवढं म्हटलं की नट खूश, निर्माता खूश आणि संपादक तर फारच खूश, कारण त्याचा पाव कॉलम भरतो. नांदेडच्या एका साप्ताहिकात मी अशी परीक्षणं बरीच वर्षं लिहिली. आज ज्याचं परीक्षण करायला बसलो आहे ती वस्तू मात्र मी पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत स्वतः, अगदी डोळे फोडून घेऊन पाहिली आहे. तेव्हा वाचकांनी नेहमीपेक्षा जरा जास्त विश्वास ठेवावा.

गोष्ट २००८ सालची. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद होत होते आणि नुकताच निवृत्त झाल्यामुळे मीही रुंद होत होतो. दर महिन्याला मला लातूरला अक्काकडे जावं लागे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा तो एस.टी.चा प्रवास. चिरंजीवांना माझी दया आली आणि त्यांनी एक चिनी बनावटीचं यंत्र माझ्या तळहातावर ठेवलं. आकारानं चुन्याच्या डबीपेक्षा थोडं मोठं, वजनानं तिच्याहून हलकं.

"बाबा, ह्यात गाणी पण आहेत आणि पिक्चर पण."

"आणि दाबायचं काय?"

"काही नाही, सोपं आहे," असं म्हणून तो पुण्याला निघून गेला.

आता नेपथ्य. यंत्राला एक मुख्य बटण होतं. ते थोडं दाबलं तर आत जायचं, जास्त वेळ दाबलं तर बाहेर यायचं. थोडं म्हणजे किती आणि जास्त म्हणजे किती, हे यंत्र ठरवणार. मी मूळचा लातूरचा, म्हणून मला हा प्रकार ओळखीचा वाटला. आमच्या गंजगोलाईत मध्यभागी जगदंबेचं देऊळ आणि भोवतीनं सोळा रस्ते फुटलेले. नवखा माणूस सराफ्यात जायचं म्हणून निघतो आणि मिरचीच्या दुकानापुढं शिंकत उभा राहतो. ह्या यंत्रातही तसंच. गाण्याकडे म्हणून निघालो की मी दर वेळी घड्याळाच्या वेळा बदलायच्या गल्लीत सापडत असे. फरक एवढाच की गोलाईत कुणाला तरी वाट विचारता येते.

प्रकाशयोजना. दर दहा सेकंदांनी पूर्ण अंधार. बॅटरी वाचावी म्हणून ही सोय आहे, असं मागाहून कळलं. पण रहस्यनाटकातसुद्धा दिग्दर्शक इतक्या वेळा दिवे घालवत नाही. प्रकाश आला की मी चष्मा चढवणार, नेमकं बटण शोधणार, बोट उचलणार, की अंधार! लोह्यापर्यंत आमचा हाच प्रवेश चालू होता.

दृश्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण दृश्यंच थोडकी होती. पडदा १२८ गुणिले १६० ठिपक्यांचा. गुणाकार करून पाहिला, एकूण वीस हजार चारशे ऐंशी ठिपके भरले. त्यात चिरंजीवांनी 'शोले' बसवला होता. जो चित्रपट १९७५ साली सत्तर मिलिमीटरच्या थाटात लोकांनी पाहिला, तो मी जेमतेम पस्तीस मिलिमीटर रुंद काचेवर, खड्ड्यांच्या तालावर पाहिला. गब्बरसिंगाची टोळी जिलबीला लागलेल्या मुंग्यांसारखी दिसत होती. इतका निरुपद्रवी गब्बर मी कधीच पाहिला नव्हता.

पात्रपरिचयात तर गंमतच. यंत्राच्या मते लताबाई, भीमसेनजी, आशाबाई, झाडून सगळे 'अननोन आर्टिस्ट'. नांदेडच्या हौशी नाटकातल्या दुसऱ्या शिपायाचं नाव जरी परीक्षणात राहिलं तरी त्याचा मामा घरी येई. इथे भीमसेनजींचं कुणी विचारणारं नव्हतं.

पण गाणी होती बुवा भरपूर! एका जीबीत सुमारे अडीचशे मावतात. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं बसायचं. त्या हिशेबानं मी खिशात सव्वाशे तबकड्या घालून एस.टी.त चढलो होतो, आणि कंडक्टरनं लगेजसुद्धा लावलं नाही.

एवढं सामान त्यात मावतं कसं, हे चिरंजीवांनी फोनवर समजावलं. ते ऐकून मी जरा गप्पच झालो. एमपी थ्रीची युक्ती अशी, की मोठ्या आवाजाच्या शेजारी बारीक आवाज आला तर माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. मग तो साठवायचा कशाला? काढून टाकायचा. असे न ऐकू येणारे आवाज वगळत गेलं की गाणं दहाव्या हिश्शाएवढं होतं, आणि काही गेल्याचं सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. ही विद्या जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी काढली आणि १९९५ साली तिच्या फायलींना एमपी थ्री हे नाव पडलं. आमच्या लातूरच्या घरात ती त्याआधीपासून चालू होती, हे मला अजून कळायचं होतं.

यंत्राचा पहिला गंभीर दोष अहमदपूरला उघडकीस आला. कानांत दोन्ही बोंडं घालून मी डोळे मिटले होते. शेजारच्या बाई काहीतरी बोलल्या, मी सभ्यपणे मान हलवली. थोड्या वेळानं डोळे उघडले तर मांडीवर एक तान्हं मूल! बाई खाली पाणी आणायला गेल्या होत्या. "घ्या बघा जरा," असं त्यांनी विचारलं होतं म्हणे, आणि मी आनंदानं हो म्हणालो होतो. बाई परत येईपर्यंत मी आणि ते मूल, दोघेही सारख्याच चेहऱ्यानं दाराकडे बघत होतो.

लातूरला पोचलो. अक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. आमचं बोलणं ठरलेलं. "कशी आहेस?" "बरी आहे." "औषध घेतेस ना?" "घेते की." मग गाडीला गर्दी होती का, पाऊस कुठवर आला, नि संपलं. गेली वीस वर्षं आमचं बोलणं ह्याच स्टॉपवर थांबत असे. का, ते दोघांनाही माहीत होतं. म्हणून मी घाईघाईनं खिशातून यंत्र काढलं. बोलायला विषय नसला की माणूस यंत्र काढतो, ही पद्धत पुढे सगळ्या देशानं उचलली. मी ती जरा आधी सुरू केली, इतकंच.

"काय बघलालास रे त्यात एवढं?" अक्का म्हणाली.

मी एक बोंड तिच्या कानात घातलं, एक माझ्या. तार अशी आखूड, की दोन बोंडांमध्ये फार तर हातभर अंतर. खाटेवर अक्काच्या शेजारी, डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. मुंज झाल्यावर मी तिच्या इतक्या जवळ बसल्याचं मला आठवत नाही.

एक जुनं हिंदी गाणं लागलं. अक्का ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थांब, थांब. मागं घे." मागं घेण्यात मी दोनदा घड्याळाच्या गल्लीत जाऊन आलो. पुन्हा तीच ओळ आली. अक्कानं ती ओळ संपेपर्यंत श्वास धरला होता.

"असं आहे होय ते! मला मधला शब्द कधी ऐकूच आला नाही बघ."

मग उलगडा झाला. आमच्या वडिलांनी पोस्टात लायसन भरून रेडिओ घेतला होता. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. अमीन सायानींचा आवाज आला की आम्ही भाऊ रेडिओला चिकटून बसत असू. आणि आठ म्हणजे भाकरीची वेळ. अक्का आत परातीपुढे असायची. तिनं ती सगळी गाणी ऐकली होती, पण भाकरीच्या थापेआडून. जिथं थाप पडली, तिथला शब्द गेला. मोठा आवाज आला की शेजारचा बारीक आवाज काढून टाकायचा! जर्मन शास्त्रज्ञांना उगीच एवढे कष्ट पडले.

"तुला गाणी आवडायची, हे बोलली नाहीस कधी," मी म्हणालो.

"कुणी विचारलं?" अक्का म्हणाली. गाणं चालूच होतं. थोड्या वेळानं ती त्याच आवाजात म्हणाली, "वाडा विकतानाबी तसंच केलात. सहीला बोलावलात. विचारायला नाही बोलावलात."

तो १९८७ सालचा हक्कसोडपत्राचा कागद. आम्ही भावांनी तो तहसील कचेरीजवळच्या टेबलावर तिच्यापुढे सरकवला होता आणि तिनं वाचल्याशिवाय सही केली होती. वाड्यात तिचा जीव होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. माझा एक कान गाण्यात होता. पण दुसरा मोकळा होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"चुकलं, अक्का," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. पण तिनं कानातलं बोंडही काढलं नाही. दहा सेकंद झाली, दिवा गेला. ह्या एकाच ठिकाणी प्रकाशयोजना यथायोग्य होती, हे परीक्षक म्हणून नमूद केलं पाहिजे.

आता एकूण परिणाम. ह्या जातीच्या यंत्रांचा मूळपुरुष म्हणजे १९७९ सालचा सोनीचा वॉकमन. त्याला कानात घालायच्या तारांसाठी दोन भोकं होती, दोघांसाठी. शिवाय एक नारिंगी कळ होती. ती दाबली की गाणं हळू होई आणि ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता येई. सोनीच्या अकिओ मोरितांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की ते यंत्र घरी नेऊन एकटेच ऐकत बसले तेव्हा बायकोला वगळल्यासारखं वाटलं, म्हणून त्यांनी ही दुसरी सोय करवली. लोकांना मात्र आपापलंच यंत्र हवं होतं. पुढे ती कळ गेली, मग दुसरं भोकही गेलं. २००१ साली आयपॉड आला तो हजार गाणी खिशात घेऊन, पण एकाच माणसाच्या खिशात. २०२२ साली तोही बंद झाला. आता सगळं फोनमध्ये आहे आणि कानातल्या बोंडांना तारच नाही. दोघं एकच गाणं दोन खोल्यांत बसून ऐकू शकतात. ह्याला प्रगती म्हणतात.

माझं मत असं: ही यंत्रं कोठार म्हणून उत्तम, यजमान म्हणून वाईट. गाणी किती मावतात हे त्यांना कळतं. ऐकणारी माणसं किती, हे त्यांना कधीच पुसावंसं वाटत नाही. आमच्या चिनी डबीत चित्र अंधुक, बटण विक्षिप्त, कलाकार अनोळखी. तिची तार आखूड होती, हा एकच गुण तिच्या कारागिराच्या हातून चुकून राहून गेला.

पुढच्या महिन्यात लातूरला गेलो तेव्हा अक्कानं चप्पल काढायच्या आत विचारलं, "ते दोरीचं डबडं आणलास का?"

आणलं होतं. चार्ज करायला विसरलो होतो.

"असू दे," ती म्हणाली आणि खाटेवर जरा सरकली. "बस."