तळावलीचे संत आन्ना मंदिर : गावाची कला

जुने चर्च म्हणजे परकीयांनी बांधलेले आणि आपण केवळ वापरलेले चर्च, असा समज आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही दृढ आहे. या समजाची पारख करावयाची असेल, तर जुने गोवे येथील जगप्रसिद्ध मंदिरांशी न थांबता तेथून दक्षिणेकडे, तिसवाडीतील तळावली या खेड्यात जावे, असे आम्ही सुचवू. जुन्या गोव्याच्या वास्तूंना 1986 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या यादीत तळावलीचे नाव नाही. तथापि सतराव्या शतकातील गोमंतकीय कलेचा कळस पाहावयाचा तो इथेच, असे आमचे मत आहे.

सध्याच्या वास्तूचे काम 1681 साली फादर फ्रांसिश्कु दु रेगु यांनी आरंभिले आणि 1695 साली फादर आंतोनियु फ्रांसिश्कु द कुन्य यांनी ते पूर्णत्वास नेले. या काळात जुने गोवे शहर रोगराईने ओस पडत चालले होते. राजधानी खचत असताना एका खेड्यात पाच मजली दर्शनी भिंत उभी राहते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सत्तेचे वैभव आणि श्रद्धेचे वैभव एकाच मापाने मोजता येत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

दोन चौकोनी मनोरे, मध्ये उंच शिखरभिंत, तिच्यावर शिंपल्यांची नक्षी आणि टोकाटोकांवर छोटे कळस, असे या मंदिराचे दर्शनी रूप आहे. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन संघाच्या चर्चचा नमुना बांधणाऱ्यांसमोर असावा, असे अभ्यासक मानतात. ते चर्च आज भग्न आहे. त्याची दर्शनी बाजू 1931 साली कोसळली. म्हणजे मूळ नष्ट झाले आणि त्याचा वारसा खेड्याने जपला. आत अर्धगोल छताखाली एकच प्रशस्त दालन आहे. भिंतींच्या पोटात पोकळ वाट सोडलेली असून पापनिवेदनाची जागाही भिंतीच्या जाडीतच साधली आहे. भार कमी करणारी ही युक्ती उपासनेच्या कामी लावणारा कारागीर सामान्य नव्हता. अंगी जांभा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. दर पावसाळ्यात काळवंडणारी ही शुभ्रता पुनःपुन्हा हात फिरवल्यावाचून टिकत नाही.

या कलेला नाव काय द्यावे, यावर विद्वानांत चर्चा आहे. जुझे परेरा यांनी ‘बरोक गोवा’ (1995) या ग्रंथात तिच्यातील भारतीय प्रतिभेचा अंश ठामपणे पुढे आणला. पोर्तुगीज अभ्यासक पाउलु वारेला गोमिश यांनी ‘व्हाइटवॉश, रेड स्टोन’ (2011) मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. ही मंदिरे युरोपची नक्कल नव्हेत, दोन संस्कृतींची सरमिसळही नव्हेत. गोमंतकीय ख्रिस्ती समाजाने स्वतःसाठी घडविलेली ती स्वतंत्र शैली आहे, असा त्यांचा विचार. आम्हांस तो अधिक पटतो. सरमिसळ म्हटले की दोन्हीकडून उसने घेतलेले असा अर्थ उरतो आणि घडविणारा हात दिसेनासा होतो.

अर्थात दोष नाहीतच असे नाही. दर्शनी बाजूचा भारदस्तपणा काहीसा अतिरेकी वाटतो. खेड्याच्या मानाने मंदिर फार मोठे आहे. शिवाय ज्यांनी चिरे वाहिले व चुना मळला, त्यांची नावे कुठेच नाहीत. ही उणीव केवळ तळावलीची नव्हे, आपल्या साऱ्या इतिहासलेखनाची आहे.

संत आन्नाचे नाव चारही शुभवर्तमानांत नाही. दुसऱ्या शतकातील याकोबाच्या नावे असलेल्या जुन्या ग्रंथातून ते परंपरेत आले. परंतु गावाने तिला आजी मानले. हातात काठी घेतलेल्या वृद्धेच्या रूपात ती गावकऱ्यांना दिसली, अशी आख्यायिका आहे. जुलैच्या अखेरीच्या रविवारी तिथे तवशांचे फेस्त भरते. तवसे म्हणजे काकडी. अपत्याची आस असलेली जोडपी ती संत आन्नेला वाहतात. पावसाळ्यातले नवे पीक आधी देवापुढे ठेवावे व मग खावे, ही रीत शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांना नवी नाही. खर्डीच्या वाचकास तळावली दूरचे वाटू नये ते यासाठी.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 सालच्या उपासनाविषयक संविधानात, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे स्पष्ट केले. ही मोकळीक आपण कशी वापरतो? पाड्यावर प्रार्थनामंदिर बांधावयाचे ठरले की वर्गणी, सिमेंट आणि पत्रा यांपुढे बोलणे सहसा जात नाही. ज्यांच्या घरच्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक उमटतो, त्यांना प्रभूच्या घराची भिंत मात्र कोरी मिळते. पैसा कमी असतो हे खरे; पण तांदळाच्या पिठाला व गेरूला कितीसा खर्च येतो?

म्हणून तळावलीची नक्कल करा असे आमचे म्हणणे नाही. शिंपल्यांची नक्षी समुद्रकाठी शोभते. सह्याद्रीच्या पायथ्याशी दुसरे काही शोभेल. ते काय असावे, हे आराखडा काढण्यापूर्वी पाड्यावरच्या सुवासिनींना व म्हाताऱ्यांना विचारावे.