रानड्यांचे अर्थशास्त्र आणि पोर्टो नोव्होची भट्टी

न्यायमूर्ती रानडे यांच्या भारतीय अर्थशास्त्रविषयक इंग्रजी निबंधांची दुसरी आवृत्ती १९०६ साली मद्रासच्या (आजच्या चेन्नईच्या) जी. ए. नटेसन आणि कंपनीने काढली. १८९२ साली पुण्यात दिलेले व्याख्यान हा या संग्रहाचा कणा होय. खुल्या व्यापाराचे तत्त्व सर्व देशांना सारखेच लागू पडत नाही, हे रानड्यांनी त्यात जर्मन विचारवंत फ्रीड्रिख लिस्टच्या आधाराने मांडले आणि आपल्या राष्ट्रवादाला अर्थशास्त्राची बैठक दिली.

परंतु सरकारने उद्योगांना हात द्यावा, या त्यांच्या आग्रहाची खरी कसोटी मद्रास इलाख्यातच लागते. जोशाया हीथ याने १८३० च्या सुमारास मद्रासच्या दक्षिणेस पोर्टो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना उभारला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला कर्जही दिले. लोखंड मात्र पोलादासाठी शेफील्डला जाऊ लागले आणि अखेरीस ती भट्टीही विझली. लिस्टला अभिप्रेत असलेले सरकार राष्ट्राचे होते. येथील सरकार साम्राज्याचे होते.

रानड्यांचे निदान अचूक होते. औषध मात्र त्यांनी ज्याच्याकडे मागितले, त्याचे हित रोग टिकण्यातच होते. असे असूनही ग्रंथाचे मोल उणे होत नाही. कारखाना कोणाचा आणि कोणासाठी, हा प्रश्न त्याच्याच वाचनातून उभा राहतो.