विहार एकाकी आहे काय?

बौद्ध कलेचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा मूर्ती, लेणी आणि भित्तिचित्रे यांच्यापाशीच थांबते. ज्यात बुद्धरूप नाही, परंतु ज्याच्या मध्यभागी विहार उभा आहे, अशा एका चिनी निसर्गचित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. 'निवळत्या शिखरांतील एकाकी विहार' अशा आशयाच्या नावाने ते ओळखले जाते. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात असलेली ही सुमारे ११२ सेंटिमीटर उंचीची रेशमी गुंडाळी लि चेंग (९१९–९६७) यांची मानली जाते. हे श्रेय निर्विवाद नाही. लि चेंग यांची अस्सल चित्रे दोन आणि बनावट तीनशे आपण पाहिली, असे सुंग काळातील मि फू या चित्रकारानेच लिहून ठेवले आहे!

चित्रातील वातावरण जवळजवळ केवळ शाईच्या छटांनी साधले आहे. मागे प्रचंड सुळके, खाली कोसळणारे प्रपात, खेकड्याच्या नांगीसारख्या वाकड्या फांद्यांची निष्पर्ण झाडे. टेकडी आणि शिखर यांच्यामध्ये धुके पसरले आहे. त्यामुळे पर्वत मागे सरतो आणि बहुमजली पॅगोडाची प्रत्येक कड स्पष्ट उठून दिसते. पर्वताच्या भव्यतेपुढे विहार लहान आहे, पण दबलेला नाही.

या विहारात संसारत्यागाचे प्रतीक पाहणे सोपे आहे. आम्हांस ते अपुरे वाटते. शीर्षकातील 'एकाकी' हा शब्द तर चित्राच्या तळाशीच खोटा ठरतो. तेथे लाकडी पूल आहे, गाढवावरील प्रवासी आहे, खाणावळीत बसलेली माणसे आहेत. दृष्टी याच वस्तीतून वर चढते. भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उपस्थित केलेला प्रश्न येथे सहजच आठवतो.

काळही ध्यानी घ्यावा. इ.स. ८४५ मध्ये तांग सम्राट वुत्सुंगने सुमारे ४,६०० विहार मोडले. इ.स. ९५५ मध्ये, म्हणजे लि चेंग हयात असताना, उत्तर चौ राजवटीने पुन्हा हजारो विहार बंद केले आणि तांब्याच्या बुद्धमूर्ती वितळवून नाणी पाडली. चित्रकाराचा हेतू सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तो कन्फ्यूशियन विद्येत वाढलेल्या उच्चकुलीनांपैकी होता. तथापि अशा काळानंतर चित्राच्या नेमक्या मध्यावर उभा असलेला पॅगोडा निव्वळ शोभेचा म्हणून सोडून देता येत नाही. हे चित्र कोणी आपल्या अंकात छापणार असेल, तर वरचा पॅगोडा तेवढा कापून घेऊ नये. पूल आणि खाणावळही छापावी.