दुःखाची रूपे आणि आपल्या समीक्षेची अपुरी परिभाषा

दलित साहित्याची समीक्षा गेली पन्नास वर्षे प्रामुख्याने तीन शब्दांवर उभी आहे: वेदना, विद्रोह आणि नकार. या शब्दांचे ऋण मी मान्य करतो. प्रस्थापित सौंदर्यशास्त्राने आपल्या लेखनाला दार बंद केले, तेव्हा याच शब्दांनी ते दार फोडले. पण जो माणूस ओरडत नाही, नकारही देत नाही, भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहतो, त्याच्यासाठी आपल्या परिभाषेत शब्द नाही. त्याला आपण ‘खचलेला’ म्हणतो आणि पुढच्या पानाकडे वळतो.

या उणिवेला इतिहास आहे. 1963 साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि त्याच साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह आला. पांडुरंग सांगवीकरच्या उदासीला अस्तित्ववादाच्या चौकटीत तत्त्वचिंतनाची प्रतिष्ठा मिळाली. बागुलांच्या माणसांची तडफड मात्र सामाजिक वास्तवाचा दाहक पुरावा म्हणून वाचली गेली. एकाला मन मिळाले, दुसऱ्याला फक्त परिस्थिती! पांढरपेशा समीक्षेने हे केले याचे मला नवल वाटत नाही. आपणही तेच केले, ही खरी चिंतेची बाब आहे. आपल्या माणसाचे दुःख ‘समाजाचे’ आहे हे सिद्ध करण्याच्या भरात, ते कुणा एका माणसाच्या झोपेत, भुकेत आणि छातीत घडते, याकडे आपले दुर्लक्ष झाले.

17 जानेवारी 2016 रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर एका बाजूने म्हटले गेले की तो निराश होता, हा वैयक्तिक प्रश्न आहे. चळवळीने उत्तर दिले की ही संस्थात्मक हत्या आहे. चळवळीचे उत्तर आवश्यकच होते. पण या वादात ‘डिप्रेशन’ हा शब्द जणू शत्रुपक्षाचा ठरला. तो उच्चारला की जातीचा गुन्हा माफ होतो, असे आपल्याला वाटू लागले. रोहितचे शेवटचे पत्र पुन्हा वाचावे. त्यात आतल्या रितेपणाविषयी लिहिले आहे आणि माणसाचे मोल एखाद्या आकड्यापुरते उरते याविषयीही लिहिले आहे. त्याने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत, आपण केल्या.

हीच चूक एके काळी वैद्यकशास्त्रातही होती. नैराश्याचे ‘आतून आलेले’ आणि ‘परिस्थितीने आणलेले’ असे दोन भाग पाडले जात. पहिल्याला औषध द्यायचे, दुसऱ्याला समजूत घालायची. अनुभवाने ही भिंत टिकली नाही. 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानग्रंथाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा कारणाऐवजी लक्षणे, त्यांची तीव्रता आणि कालावधी यांना आधार मानले. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की, दुःखाचे कारण कोणते हा एक प्रश्न आहे आणि दुःखाने कोणते रूप घेतले हा दुसरा. रूपाला नाव दिल्याने कारण निर्दोष सुटत नाही.

आता रूपांकडे पाहू. पहिला भेद शोक आणि नैराश्य यांतला. 1926 साली बाबासाहेबांचा लहानगा राजरत्न गेला. जगण्यातली गोडीच गेली, अशा अर्थाचे त्यांनी एका मित्राला लिहिले. मार्च 1927 मध्ये ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. शोक लाटांसारखा येतो. तो गेलेल्या माणसाविषयी असतो आणि बहुधा स्वतःचे मोल त्यात शाबूत राहते. नैराश्य मात्र त्या मोलावरच घाव घालते. दोन आठवडे वा अधिक काळ, जवळजवळ दिवसभर मन बुडालेले, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटणे, मरणाचे विचार — अशा लक्षणांचा समूह दिसला तर त्याला आजार म्हणावे लागते. आपण काय करतो? बाबासाहेबांचे उदाहरण चाबकासारखे वापरतो. ‘त्यांनी एवढे सोसले, तुला काय झाले?’ हा प्रश्न वसतिगृहातल्या आजारी मुलाला विचारणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचा उपदेश करणे होय.

दुसरे रूप मंद आणि दीर्घ असते. प्रौढांत ते दोन वर्षांहून अधिक काळ टिकते. डॉक्टर त्याला डिस्थायमिया म्हणतात. माणूस कचेरीत जातो, सभेला येतो, पण त्याच्यावरची सावली हटत नाही. लोक त्याला स्वभाव समजतात. दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) मध्ये सांगणारा दगडू आणि ऐकणारा दया ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत. पुस्तकातल्या माणसाला रोगाची चिठ्ठी चिकटवणे हे समीक्षेचे काम नव्हे, आणि मी तसे करणार नाही. पण त्या विभागलेपणात लाज, थकवा आणि स्वतःविषयीची परकेपणाची भावना कशी मुरली आहे, हे विद्रोहाच्या फुटपट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी वेगळी नजर लागते.

तिसरे रूप बाळंतिणीचे. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (1986) मध्ये कोवळ्या सुनांचा छळ आहे, बाळंतिणीची भूक आहे, बायकांच्या अंगात येणे आहे. आपण ते अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळे झालो. बाळंतपणानंतरचे रडू पहिल्या दोनेक आठवड्यांत बहुधा ओसरते. ते ओसरले नाही, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर ते नैराश्य असू शकते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातील मातांविषयीचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे यांचा या नैराश्याशी संबंध त्यात आढळला. आपल्या वस्तीत मात्र ही बाई ‘अंग दुखते, जीव घाबरतो’ एवढेच म्हणते, आणि दवाखान्यात तिला ताकदीचे सलाईन लावून परत पाठवले जाते.

चौथे रूप चळवळीने विशेष ओळखले पाहिजे. कार्यकर्ता रात्र-रात्र झोपत नाही, भाषणांमागून भाषणे ठोकतो, हातातला पैसा उधळतो, आपल्यावाचून क्रांती अडली आहे असे त्याला वाटते. आपण टाळ्या वाजवतो. काही महिन्यांनी तो घराबाहेर पडत नाही, तेव्हा आपण म्हणतो, ‘थंड पडला, फितूर झाला असेल.’ असे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. प्रत्येक उत्साह हा आजार नव्हे; पण असा चढ आणि असा उतार द्विध्रुवी विकाराचा, म्हणजे बायपोलरचा, असू शकतो. त्याला साध्या नैराश्याचेच औषध दिले तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. त्याचे उपचार निराळे आहेत. म्हणूनच रूपांतला भेद हा पंडितांचा शब्दच्छल नाही.

‘यावर उपाय गोळी की क्रांती?’ असे काही मित्र विचारतील. हा पर्यायच खोटा आहे. क्षयाला दाट वस्ती आणि अपुरे अन्न कारणीभूत असते म्हणून आपण क्षयरोग्याचे औषध थांबवत नाही. वस्ती सुधारण्याची मागणीही सोडत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जातिभेदाविना उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो मागणे हाही लढाच आहे. 2022 पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चालते; तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर असला पाहिजे. आणि उपचार करणाऱ्याने रुग्णाच्या दुःखातली जात ऐकून घेतली पाहिजे, हा आग्रहही आपणच धरायचा आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (1957) या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचे अस्तित्व ओळखणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया मानला. यातला ‘ओळखणे’ हा भाग आपण फार घाईने उरकला. आपल्या समीक्षकांनी वेदना या एका शब्दाखाली कोंबलेली शोक, थकवा, लाज, रितेपण आणि उन्माद ही सारी रूपे वेगवेगळी वाचावीत. शिक्षकांनी वर्गात गप्प झालेल्या मुलाला हजेरीच्या आधी झोपेविषयी विचारावे. आणि कार्यकर्त्यांनी सभेला न आलेल्या सोबत्याच्या घरी जाऊन, निष्ठेचा हिशेब न मागता, त्याच्याजवळ बसावे.